शून्याची साक्ष : सडा, कातळशिल्पं आणि दोन मॉडेलांची तुलना

(पिंगुळी, ता. कुडाळ, जि. सिंधुदुर्ग इथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची धाटणी शक्यतो तशीच ठेवली आहे.)



विषयाची पाटी वाचून काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. 'कातळशिल्पं' म्हटलं की माणसं येतात आणि 'लॉजिस्टिक रिग्रेशन' म्हटलं की चपला शोधायला लागतात. मी तत्त्वज्ञानाचा माणूस, संख्याशास्त्र हा माझा पेशा नव्हे. पण एखादी गोष्ट 'आहे' कशावरून म्हणायची आणि 'नाही' कशावरून म्हणायची, हा तत्त्वज्ञानाचा फार जुना प्रश्न आहे. तोच प्रश्न गेल्या शंभर वर्षांत संख्याशास्त्राने आपल्या पद्धतीने सोडवायला घेतला. त्याचा इतिहास आज सांगायचा आहे, आणि तो आपल्या सड्यावर आणून उभा करायचा आहे.

प्रश्न सड्यावरचा

सडा म्हणजे काय हे पिंगुळीत सांगायला नको. जांभ्याचं उघडं पठार. पावसात हिरवंगार, वैशाखात पाय ठेववत नाही. रत्नागिरी, राजापूर, लांजा या भागातल्या सड्यांवर, आपल्या मालवण तालुक्यात कुडोपीला, आणि खाली गोव्यात कुशावती नदीकाठच्या जांभ्यावर पणसायमळला, कधीकाळच्या माणसांनी जमिनीत आडवी चित्रं कोरून ठेवली आहेत. हत्ती आहेत, गेंडे आहेत, मासे आहेत, माणसं आहेत, आणि कशाची हे सांगता येणार नाही अशा चौकटी आहेत. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद आहे. त्याच्या अंगावर उभं राहिलं तर हत्ती दिसतच नाही, लांब जावं लागतं. काळाबद्दल एकमत नाही. कोणी मध्याश्मयुगापर्यंत मागे नेतात, कोणी इतिहासकाळाच्या जवळ आणतात.

गावातल्या गुराख्यांना यातली बरीच चित्रं ठाऊक होती. अभ्यासकांना ती दिसू लागली ती सुधीर रिसबूड, धनंजय मराठे, सुरेंद्र ठाकूरदेसाई यांच्यासारखी माणसं वर्षानुवर्षं सडे पायी तुडवत फिरली म्हणून. सिंधुदुर्गात सतीश लळीत यांनी हे काम पुढे आणलं. २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत नऊ ठिकाणं गेली, त्यात सात रत्नागिरीतली, एक आपलं कुडोपी आणि एक गोव्यातलं.

आता प्रश्न असा : ही चित्रं इथेच का, आणि पलीकडच्या सड्यावर का नाहीत? समुद्र जवळ होता म्हणून? सड्यावर पावसाचं पाणी साठायच्या जागा होत्या म्हणून? खाडीतून वर येणारी वाट तिथून जात होती म्हणून? प्रत्येक उत्तर ऐकायला बरं वाटतं. पण 'बरं वाटणं' आणि 'पुराव्याने टिकणं' यात फरक काय, तो कसा मोजायचा?

कोसंबींची पायपीट

हा प्रश्न नव्याने उपटलेला नाही. गोव्यात कोसबेन इथे १९०७ साली जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी हे पेशाने गणिती. पण पुण्याच्या आसपासच्या माळांवर, घाटवाटांवर ते पायी फिरले. लोकांच्या देवींची ठाणी कुठे आहेत, तिथे गारगोटीची बारीक हत्यारं सापडतात का, मोठे दगड रचलेले दिसतात का, हे त्यांनी पाहिलं. १९६२ च्या 'मिथ अँड रिअॅलिटी' या पुस्तकात चौरस्त्यावरच्या मातृदेवतांवर त्यांचा निबंध आहे. 'मृच्छकटिका'त चारुदत्त मैत्रेयाला चौरस्त्यावर मातृकांसाठी बळी ठेवायला सांगतो. कोसंबींनी धागा तिथून पकडला आणि प्रत्यक्ष वाटांपर्यंत नेला. देवीचं ठाणं गावात नसून गावाबाहेर वाटांच्या छेदावर का, याचं उत्तर त्यांनी गाव वसण्याच्या आधीच्या भटक्या लोकांच्या वाटांमध्ये शोधलं.

म्हणजे बघा, कोसंबींचा दावा जागेबद्दलचा होता. 'वाटांच्या छेदाजवळ ठाणं असण्याचा संभव जास्त.' हे वाक्य गणितात मांडायची हत्यारं तेव्हा तयार होत होती. वाक्य बरोबर की चूक हा एक प्रश्न. पण त्याहून नेमका प्रश्न असा : हे वाक्य जोडल्याने नकाशा आधीपेक्षा किती जास्त उलगडतो? ज्याला आपण आज दोन मॉडेलांची तुलना म्हणतो, ती या दुसऱ्या प्रश्नाला उत्तर देते.

वळणदार रेषेचा प्रवास

लॉजिस्टिक या शब्दाची कथा बेल्जियममध्ये सुरू होते. पिएर फ्रान्स्वा व्हेरहुल्स्ट या गणितज्ञाने १८३८ मध्ये लोकसंख्या कशी वाढते याचं सूत्र दिलं. सुरुवातीला हळू, मग झपाट्याने, मग मर्यादा आली की पुन्हा हळू. आडव्या ताणलेल्या इंग्रजी एस अक्षरासारखी ती रेषा. १८४५ मध्ये त्याने तिला 'लॉजिस्टिक' नाव दिलं. पुढे ती रेषा बरीच वर्षं विस्मृतीत गेली आणि १९२० मध्ये पर्ल आणि रीड या दोघांनी अमेरिकेच्या लोकसंख्येसाठी ती पुन्हा शोधून काढली.

या रेषेचा एक गुण आहे. ती शून्याच्या खाली जात नाही आणि एकाच्या वर जात नाही. 'होईल की नाही' याचा संभव सांगायचा तर नेमकं हेच हवं. औषधाची मात्रा वाढवत नेली तर किती किडे मरतील, हा तेव्हाचा प्रश्न. १९४४ मध्ये जोसेफ बर्कसन याने या रेषेचा तिथे उपयोग केला आणि 'लॉजिट' हा शब्द काढला. होण्याचा संभव भागिले न होण्याचा संभव, आणि त्याचा लॉगॅरिदम, म्हणजे लॉजिट. १९५८ मध्ये डेव्हिड कॉक्स यांनी 'हो-नाही' अशा उत्तरांच्या मालिकांसाठी ही पद्धत व्यवस्थित बांधली. तेव्हापासून किड्यांपासून रोग्यांपर्यंत, मतदारांपासून दगडांपर्यंत तिचा वापर सुरू झाला.

दुसरा धागा फिशरचा. इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेड नावाचं शेतीसंशोधन केंद्र आहे. तिथे १९१९ पासून रोनाल्ड फिशर काम करत होते. १९२२ च्या निबंधात त्यांनी एक साधी वाटणारी कल्पना मांडली. तुमच्या हातात निरीक्षणं आहेत. आता प्रत्येक मॉडेलला विचारा, 'तू खरं असतास तर नेमकी हीच निरीक्षणं दिसण्याचा संभव किती होता?' ज्या मॉडेलचं उत्तर सगळ्यात मोठं, ते निरीक्षणांना सगळ्यात जवळचं. याला लाइकलिहुड म्हणतात. लक्षात घ्या, 'मॉडेल खरं असण्याचा संभव' हा नव्हे. तो प्रश्न फिशरने जाणूनबुजून बाजूला ठेवला.

इथे दोन मराठी नावं घ्यायलाच हवीत. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे १९३० च्या दशकात लंडनला जर्झी नेमन आणि एगॉन पिअर्सन यांच्याकडे शिकले आणि १९३६ मध्ये डॉक्टरेट घेऊन आले. हे दोघे गुरू म्हणजे दोन गृहीतकांच्या लाइकलिहुडचं गुणोत्तर काढून निवाडा करण्याच्या पद्धतीचे जनक. दुसरे कोल्हापूरचे वसंत शंकर हुजूरबाजार. केंब्रिजमध्ये असताना, १९४८ मध्ये, त्यांनी एक मूलभूत शंका मिटवली. लाइकलिहुडचं शिखर शोधायला निघालो तर शिखरं एकाहून जास्त निघू शकतात. मग खरं कुठलं? हुजूरबाजारांनी दाखवलं की, काही अटी पाळल्या जात असतील तर, निरीक्षणं वाढत गेली की सत्याकडे नेणारं उत्तर एकच उरतं आणि ते शिखरच असतं, दरी नव्हे. याच हुजूरबाजारांनी पुढे पुणे विद्यापीठात संख्याशास्त्राचा विभाग उभा केला.

तफावतीचा हिशेब

आता डेव्हियन्स. पुन्हा रोथॅमस्टेडच. फिशरच्या जागी आलेल्या पिढीनंतरचे जॉन नेल्डर आणि तरुण रॉबर्ट वेडरबर्न यांनी १९७२ मध्ये एक निबंध लिहिला. तोवर सरळ रेषेचं रिग्रेशन वेगळं, लॉजिटचं वेगळं, मोजदादीचं वेगळं, अशी सवतीसुभ्याची परिस्थिती होती. या दोघांनी दाखवलं की हे सगळं एकाच घरातलं आहे, आणि एकाच रीतीने सोडवता येतं. घराच्या हिशेबवहीला त्यांनी नाव दिलं 'अॅनालिसिस ऑफ डेव्हियन्स'. फिशरच्या 'अॅनालिसिस ऑफ व्हेरियन्स'ची ही धाकटी बहीण म्हणा. वेडरबर्न त्यानंतर तीनच वर्षांनी, अवघ्या २८ व्या वर्षी, कीटकदंशाने झालेल्या तीव्र अॅलर्जीत गेले. नाव मात्र राहिलं.

डेव्हियन्स म्हणजे काय? मी त्याला तफावत म्हणेन. सगळ्यात जास्त जुळणारं मॉडेल कुठलं? ज्याला प्रत्येक निरीक्षण पाठ आहे ते. पण पाठ करणाऱ्या पोराला समजलेलं असतंच असं नाही. तर त्या पाठांतरवाल्या मॉडेलपासून तुमचं मॉडेल किती मागे आहे, त्याचं माप म्हणजे डेव्हियन्स. दोघांच्या लाइकलिहुडचे लॉगॅरिदम घ्यायचे, वजाबाकी करायची, दुप्पट करायची.

उदाहरण बघा. एखाद्या जागेबद्दल मॉडेल म्हणालं, 'इथे चित्र असण्याचा संभव शंभरात एक.' आणि चित्र निघालं. त्या एका जागेची तफावत ९.२१. चित्र निघालं नाही तर तफावत फक्त ०.०२. मॉडेल म्हणालं असतं 'अर्धाअर्धा', तर काहीही निघो, तफावत १.३९. म्हणजे छातीठोकपणे बोलून चुकलात तर दंड जबर, आणि 'काय सांगता येत नाही बुवा' म्हणालात तर प्रत्येक वेळी थोडा दंड. सगळ्या जागांचे दंड मिळवले की मॉडेलचा डेव्हियन्स झाला.

तुलनेची रीत अशी. लहान मॉडेल मोठ्याच्या पोटात बसलं पाहिजे. म्हणजे मोठ्यात लहानाचं सगळं आहे, शिवाय एखादं कारण जास्त. आपल्या चित्रकथीवरून सांगतो. पोथी तीच, चित्रं तीच. एक कथेकरी मूळ कथा गातो. दुसरा तीच गातो, पण मध्ये एक उपकथा घालतो. उपकथेने कथा पुढे गेली की नुसती लांबली, हे विचारायचं तर दोघांनी पोथी एकच धरली पाहिजे. एकाने चार पानं गाळली तर तुलना संपली. इथेही तसंच. दोन्ही मॉडेलं अगदी त्याच जागांवर बसवलेली हवीत.

नवं कारण घातलं की तफावत कमी होणारच. कुठलंही, अगदी निरर्थक कारण घाला, थोडी कमी होते. मग किती कमी झाली तर मानायचं? १९३८ मध्ये सॅम्युएल विल्क्स यांनी याचं उत्तर दिलं होतं. निरीक्षणं भरपूर असतील, तर निरर्थक कारणाने होणारी घट काय-स्क्वेअर नावाच्या ठरावीक वाटणीप्रमाणे वागते. एक कारण वाढवलं, तर निरर्थक असूनही घट ३.८४ च्या वर जाण्याचा संभव शंभरात पाच. ६.६३ च्या वर जाण्याचा शंभरात एक. दोन कारणं एकदम वाढवली तर पाच टक्क्यांची रेघ ५.९९. एवढीच कसोटी. रिकाम्या उपकथेने जेवढं साधलं असतं त्याहून जास्त साधलं का, एवढंच ती विचारते.

नकाशाचे चौकोन

हे सगळं नकाशावर कसं आणायचं? कल्पना खनिज शोधणाऱ्यांकडून आली. नकाशावर बारीक चौकोनांची जाळी टाका. प्रत्येक चौकोनात विचारा, इथे खनिज सापडलं का? हो असेल तर एक, नाही तर शून्य. शेजारी लिहा, इथून भूस्तराची भेग किती लांब, खडक कुठला. आणि लॉजिस्टिक रिग्रेशन चालवा. जॉन टुकी यांनी १९७२ मध्ये ही सूचना केली होती, कॅनडात फ्रिट्स अॅगटरबर्ग यांनी ती वापरात आणली. त्याच १९७२ मध्ये नेल्डर-वेडरबर्नचा निबंध आला. तो योगायोग.

पुरातत्त्वातही हे लगेच शिरलं. अमेरिकेत केनेथ क्वामे यांनी १९८० च्या दशकात प्राचीन वस्त्यांच्या जागांसाठी ही पद्धत वापरली. १९९० च्या दशकात मिनेसोटा राज्याच्या वाहतूक खात्याने अख्ख्या राज्याचा असा नकाशा करून घेतला. रस्ता आखताना कुठे आधी तपासणी करायची, ते ठरवायला. म्हणजे हे हत्यार विद्यापीठातून कचेरीत गेलं. हे विसरू नका, शेवटी त्याच्यावर यायचं आहे.

एक शंका कोणालाही येईल. चौकोन किती मोठा घ्यायचा? एक किलोमीटरचा की दहा मीटरचा? चौकोन बारीक केले की एकूण तफावतीचा आकडा वाढत जातो. म्हणजे 'माझ्या मॉडेलचा डेव्हियन्स ४००' याला एकट्याने काहीच अर्थ नाही. पण चौकोन पुरेसे बारीक झाले की दोन मॉडेलांमधला फरक स्थिरावतो. एड्रियन बॅडली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये हा सगळा प्रश्न नीट मांडला. चौकोन बारीक करत गेलं की आपण शेवटी नकाशावर विखुरलेल्या ठिपक्यांच्या मॉडेलपाशी पोचतो, हे त्यांनी दाखवलं, आणि वेगवेगळ्या मापाच्या चौकोनांवर केलेली लॉजिस्टिक मॉडेलं एकमेकांशी काटेकोर जुळत नाहीत हेही. चौकोनाचं क्षेत्रफळ हिशेबात धरणारी दुसरी जोडणी त्यांनी सुचवली.

मला यात तत्त्वज्ञानाचा मोठा धडा दिसतो. एकट्या मॉडेलला 'तू खरं आहेस का' असं विचारताच येत नाही. 'याच पोथीवर, त्या दुसऱ्यापेक्षा तू किती बरं' एवढंच विचारता येतं.

आता आपल्या सड्यावर

पुढचे आकडे मी समजावण्यासाठी कल्पिलेले आहेत. कोणत्याही सर्वेक्षणातले नाहीत, कृपया कोणी ते उचलून छापू नका.

पहिली पायरी. आपण पहिलं कारण घालतो 'जमीन जांभ्याची आहे का'. सगळी चित्रं जांभ्यावरच आहेत, भातशेतीत एकही नाही. मॉडेल काय करेल? जांभ्याचं वजन वाढवेल, आणखी वाढवेल, वाढवतच राहील, कारण प्रत्येक वेळी तफावत थोडी कमी होते. मघाशी हुजूरबाजारांचं शिखर म्हणालो ना, इथे डोंगर चढतच राहतो, शिखर येत नाही. संगणक मध्येच थांबून एखादा अगडबंब आकडा देतो आणि माणूस खूष होतो. यातून कळतं काय? कातळशिल्पाला कातळ लागतो! शहाणपण यात की सड्याबाहेरचे चौकोन आधीच काढून टाकायचे आणि प्रश्न फक्त सड्यांपुरता विचारायचा.

दुसरी पायरी. समजा सड्यांच्या चौकोनांवर काहीच कारण न घालता तफावत आली ४१२. 'पाणी साठण्याच्या जागेपासूनचं अंतर' घातलं, ती झाली ३९८. घट १४. रेघ होती ३.८४. म्हणजे पाण्याचा संबंध पक्का! लेख लिहायला घ्यायचा का?

थांबा. तिसरी पायरी. आता 'आजच्या गाडीरस्त्यापासूनचं अंतर' घालू. प्राचीन माणसाला डांबरी रस्त्याशी काय कर्तव्य? काही नाही. पण शोधणाऱ्याला आहे. तफावत आली ३८४. आणखी १४ ची घट.

आता क्रम उलटा करा. आधी रस्ता : ४१२ वरून ३८७, घट २५. मग पाणी : ३८७ वरून ३८४, घट फक्त ३. रेघेच्या आत. शेवटचं मॉडेल तेच, शेवटचा आकडा तोच ३८४. पण पहिल्या क्रमात पाणी हे ठाम कारण होतं आणि दुसऱ्या क्रमात ते जवळजवळ पुसलं गेलं. का? कारण वाड्या पाण्याजवळ असतात आणि रस्ते वाड्यांना जातात. पाणी आणि रस्ता एकमेकांत गुंतलेले आहेत. कोण आधी बोलला त्याला श्रेय गेलं.

तेव्हा असा तक्ता कोणी दाखवला तर दोन प्रश्न विचारा. क्रम कोणी आणि का ठरवला? आणि शोधणाऱ्याची वाट हिशेबात धरली का? ऐतिहासिक कारण मानायचं तर ते शोधाची वाट जमेला धरल्यावरही टिकलं पाहिजे. आणि न टिकलं म्हणून ते खोटं ठरत नाही. या नकाशावरून दोघांना वेगळं करता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. वेगळं करायचं तर रस्त्यापासून लांबचे सडे चालून यावे लागतील, पाण्याजवळचेही आणि पाण्यापासून दूरचेही.

आणखी एक गोष्ट. एका सड्यावर चाळीस चित्रं आहेत आणि ती दहा चौकोनांत पसरली आहेत. तक्ता त्यांना दहा स्वतंत्र साक्षीदार धरतो. पण एकाच घराण्यातल्या दहा माणसांनी एकच गोष्ट सांगितली तर पंच दहा साक्षी मोजतील का? निरीक्षणं अशी गटाने आली की घट फुगते आणि ३.८४ ची रेघ फसवी होते. १९७४ मध्ये वेडरबर्ननी अशाच, अपेक्षेपेक्षा जास्त विखुरलेल्या निरीक्षणांसाठी वाट काढून ठेवली होती. जागेच्या जवळिकीसाठी त्याहून कडक उपाय लागतात. सोपा उपाय म्हणजे अख्खा सडा एक साक्षीदार धरा. आकडे लहान होतील, पण प्रामाणिक होतील.

अनुपलब्धी

आता माझ्या घरच्या विषयावर येतो. आपल्याकडे प्रमाणं किती यावर मोठे वाद झाले. प्रत्यक्ष, अनुमान वगैरे ठीक. पण कुमारिल भट्टांच्या परंपरेतले मीमांसक आणि अद्वैती वेदांती एक सहावं प्रमाण मानतात, अनुपलब्धी. टेबलावर घट नाही हे मला कसं कळतं? घट दिसत नाही, म्हणून. न दिसणं हे अभावाच्या ज्ञानाचं साधन. प्राभाकर आणि नैयायिक याला वेगळं प्रमाण मानत नाहीत. पण वाद घालता घालता सगळ्यांनी एक अट फार काटेकोर केली. नुसती अनुपलब्धी चालत नाही, योग्य अनुपलब्धी हवी. म्हणजे घट असता तर तो नक्की दिसला असता, अशी परिस्थिती हवी. अंधारात घट दिसला नाही, याने घटाचा अभाव सिद्ध होत नाही.

मंडळी, नकाशावरचा प्रत्येक शून्य हा अनुपलब्धीचा दावा आहे. आणि तक्ता प्रत्येक शून्याला योग्य अनुपलब्धी समजून चालतो. कोणी उन्हाळ्यात गवत जळल्यावर तो सडा चालून आलं आणि काही मिळालं नाही, तो शून्य वेगळा. तिथे कोणी गेलंच नाही, तोही शून्यच लिहिला जातो. कातळावर माती साचली आहे, तोही शून्य. चिऱ्याच्या खाणीत तो कातळ वीस वर्षांपूर्वी कापला गेला आणि कोणाच्या तरी घराच्या भिंतीत जाऊन बसला, तोही शून्य. चार प्रकारचे शून्य, आणि डेव्हियन्सला चारही सारखे.

हा काही नेल्डर किंवा वेडरबर्न यांचा दोष नाही. हिशेबनीस वहीत आलेल्या रकमांचीच बेरीज करणार. रकमा खऱ्या आहेत का, हे वहीबाहेर जाऊनच बघावं लागतं.

आणि म्हणून मिनेसोटाची गोष्ट लक्षात ठेवा म्हणालो. असा नकाशा कचेरीत गेला की शून्याजवळचा संभव म्हणजे 'मोकळी जमीन' असं वाचलं जातं. आपल्याकडे सड्याला सरकारदरबारी पडीकच समजायची सवय आहे. चिरेखाण, कलमांसाठी सुरुंग लावून खड्डे, रस्ता, रिसॉर्ट, सगळं सड्यावरच येतं. बारसूच्या सड्यावर रिफायनरीची चर्चा झाली तेव्हा कातळशिल्पांचं काय हा प्रश्न सगळ्या महाराष्ट्राने ऐकला, कारण तिथली शिल्पं माहीत होती. ज्या सड्यावर कोणी फिरलंच नाही, त्याच्या बाजूने कोण बोलणार? शोध झाला नाही म्हणून संभव कमी, संभव कमी म्हणून परवानगी, परवानगी मिळाली म्हणून कातळ गेला, आणि कातळ गेल्यावर मॉडेल बरोबरच ठरलं! कारण आता तिथे खरंच काही नाही. मॉडेलने स्वतःची साक्ष स्वतःच तयार केली.

यावर उपाय अवघड नाही. सर्वेक्षण करणाऱ्याने फक्त सापडलेल्या जागा लिहू नयेत. कुठला सडा, कुठल्या महिन्यात, किती माणसांनी, किती वेळ चालला आणि काही मिळालं नाही, हेही लिहावं. रिकाम्या हाताने परत आलेल्या दिवसाची नोंद ही सापडलेल्या हत्तीच्या नोंदीइतकीच मोलाची आहे. ती असेल तर शून्याला तोंड फुटतं. मग मॉडेलांची तुलना करा, क्रम बदलून करा, गट धरून करा, आणि जे कारण टिकेल त्याला इतिहास म्हणा.

(श्रोत्यांमधून प्रश्न : सर, मग कोसंबींनी गणित न करता लिहिलं ते चूक का?)

नाही हो. कोसंबींनी जे केलं त्याशिवाय गणिताला हात लावायलाच काही नसतं. ते स्वतः चालले, आणि कुठल्या वाटेने चालले ते लिहून ठेवलं. त्यामुळे त्यांच्या 'इथे आहे'ला वजन आहे, आणि आज कोणाला त्यांचा दावा तपासायचा असेल तर तीच वाट पुन्हा चालता येते, शेजारची न चाललेलीही चालता येते. गणित पुढच्या पिढीने करावं. पाय मात्र आधी लागतात.

(दुसरा प्रश्न : आमच्या वरच्या सड्यावर रेघा आसत. त्या कोणाक दाखवूच्यो?)

हां, हा आजचा सगळ्यात चांगला प्रश्न. आधी फोटो काढा, शेजारी काहीतरी मापाला ठेवा. रेघांवर खडू, चुना, रंग काही लावू नका, खरवडू नका. तारीख आणि जागा लिहून ठेवा. ग्रामपंचायतीला आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागाला लेखी कळवा, पोच घ्या. आणि शेजारच्या सड्यावर जाऊन या. तिथे काही नसलं, तर तेही त्याच कागदावर लिहा.

वेळ झाली. इथेच थांबतो.